आखणीची खोली

शाळा बंद झाली सोमवारी, आणि मंगळवारी सकाळी जोह्याची अख्खी शाळा काळुरामच्या कारखान्यात भरली.

रंभाने दारावरचा प्लॅस्टिकचा पडदा बाजूला केला आणि ती उंबऱ्यातच थबकली. गणपतीचा कारखाना म्हणजे बांबूंवर टाकलेले पत्रे, आणि पावसाची ओल मूर्तींना लागू नये म्हणून चारी अंगांनी ताणलेलं प्लॅस्टिक. आत रंग वाळवायला मोठाले दिवे. त्या कोंदट उबेत मांडीला मांडी लावून सत्तावीस पोरं बसली होती. तिने मोजली. मोजायची तिला सवयच होती. मोठी पोरं गणपतीच्या पायाशी ठेवायचे उंदीर रंगवत होती, मधली उंदरांच्या हातातले मोदक पांढरे करत होती, आणि धाकटी नाक वर ओढत नुसती बघत होती.

"शाळा कशापायी बंद हाय रं?" तिने दाराजवळच्या पोराला विचारलं.

"स्वाईन फ्लू आलाय म्हनून," पोरगं म्हणालं आणि हातातल्या उंदरावर शिंकलं.

रंभाने कपाळाला हात लावला.

ती गावची अंगणवाडीची बाई. एकोणीस वर्षं तिने जोह्यातली पोरं वजनकाट्यावर टांगली होती, त्यांची नाकं पुसली होती आणि त्यांच्या आयांवर ओरडली होती. दोन हजार नऊ सालचा श्रावण होता. पुण्यात नवा ताप आला, माणसं तोंडं बांधून फिरायला लागली, टीव्हीवर रोज तेच. मग इकडेही शाळा आठवडाभर बंद ठेवायचं ठरलं. कशासाठी, तर पोरं एका जागी जमू नयेत, एकाचा ताप दुसऱ्याला लागू नये. शाळेला निदान खिडक्या तरी होत्या! इथे होतं प्लॅस्टिक, होते दिवे, आणि होते पुण्याहून मूर्ती न्यायला येणारे व्यापारी, जे येताना काय घेऊन येतील ते देवालाच ठाऊक. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

कारखाना तिच्या धाकट्या भावाचा, काळुरामचा. तो पाठमोरा बसून एका मुकुटाला सोनेरी लावत होता. रंभाने तोंडावरचा रुमाल गळ्यात उतरवला, कारण रुमालातून ओरडता येत नाही.

"काळू! ही पोरं आधी घरी घालव."

"घरी कोन हाय गो बाय?" मान वर न करता काळुराम म्हणाला. मोठ्या बहिणीला तो लहानपणापासून बायच म्हणायचा. "आया समद्या हितं रंगाला. घरी ठेवली तर तळ्यात जातील, रस्त्यावर जातील. हितं डोळ्यांम्होरं तरी हायेत."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. गणपती दोन आठवड्यांवर आले की जोह्यात घरांना कुलूप आणि कारखान्यांना गर्दी. वर्षाचं पोट त्या दोन आठवड्यांत भरायचं असतं. त्यात पोरांना कोण बघणार?

"नि कापूर बांधलाय की समद्यांच्या गळ्यात," काळुरामने भर घातली.

खरंच, प्रत्येक पोराच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी होती. त्या वासाने ताप जवळ फिरकत नाही असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्या आठवड्यात पेणच्या दुकानांत आरतीला कापूर मिळेना. रंभाने वर पाहिलं. कारखान्याच्या मधोमध उभ्या असलेल्या नऊ फुटी मूर्तीच्याही गळ्यात पुरचुंडी.

"ह्याला कशाला?"

"पुन्याला जायचाय तो," काळुराम गंभीरपणे म्हणाला.

दाराशेजारी एका खिळ्याला हिरवा मास्क टांगला होता. घरात एकच. जो पेणला जाईल त्याने तो खिळ्यावरून काढायचा, तोंडाला लावायचा, बाजार करून यायचं आणि परत खिळ्याला अडकवायचा. घरातली छत्री वापरावी तसं चाललं होतं. सकाळी काळुरामची सून हौसा, दुपारी काळुराम, संध्याकाळी शेजारचा कोणी पाहुणा मागून न्यायचा.

"अरे, एकमेकाचं उष्टं पानी पीत नाय तुम्ही," रंभा म्हणाली, "नि एकमेकाचा श्वास बरा चालतो?"

तिने मास्क उचलून चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला नवा होता. तोही एकच.

रंभाचा जीव खरा अडकला होता तो त्या सत्ताविसांतल्या एकीत. सरू, काळुरामची नात, चार वर्षांची. तिचा बाप सखा रोह्याला कंपनीत, त्याला शिफ्ट. आई हौसा दिवसभर रंगाला. म्हणून पोर अर्धीअधिक रंभाच्याच पदराला वाढलेली. तिला ती आत्याआजी म्हणायची. मागच्या पावसाळ्यात तिला साधी सर्दी झाली, तिचा खोकला झाला, आणि तिसऱ्या दिवशी पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. पेणच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. अकराही दिवस रंभा त्या खाटेशी बसून श्वास मोजत होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "हिची छाती नाजूक आहे. तापाच्या माणसापासून लांब ठेवा. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

ती सरू आता सत्तावीस पोरांत मधोमध बसून उंदराच्या कानाला गुलाबी लावत होती. डावीकडचं पोर शिंकत होतं, उजवीकडचं खोकत होतं. रंभाने तिला उचललं आणि घरी नेलं. तासाभराने हौसा येऊन परत घेऊन गेली, कारण रंभाला अंगणवाडीच्या कामाला बाहेर पडायचं होतं आणि घरी नुसता गुणाजी, तिचा नवरा, जो झोपाळ्यावर बसला की पोर पडली काय नि बैल मेला काय, त्याला सुतराम पत्ता लागत नसे.

बुधवारी पेणला बैठक झाली. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाडीच्या बाया एका सभागृहात बोलावल्या. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या लावलेल्या. खुर्च्या कमी, म्हणून एकेका खुर्चीवर दोघी. माइकवरून एक साहेब सांगत होते, गर्दी टाळा, हवा खेळती ठेवा, कोपरात खोका, हात धुवा, आजारी पोर घरी ठेवा. लागण व्हायची असली तर चार दिवसांत कळते, तेवढे दिवस लक्ष ठेवा. मग चहा आला. हात धुवायला एकच नळ आणि पुसायला एकच टॉवेल, जो दुपारपर्यंत पिळून निघेल इतका ओला झाला होता. शेजारची बाई सारखी खोकत होती. रंभा तिला म्हणाली, "अगं, कोपरात खोक," तर ती म्हणाली, "कोपर तुमच्या कुशीत आहे, कुठून काढू?"

येताना रंभाला दहा पत्रकं मिळाली. तिने ती गावात चिकटवली. काळुरामच्या कारखान्यातलं पत्रक दुसऱ्या दिवशी एका मूर्तीखाली रंग सांडू नये म्हणून अंथरलेलं होतं.

आता काळुरामबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हा माणूस गबाळा नव्हता. कारखान्याच्या मागच्या अंगाला, भाताच्या शेताकडे तोंड करून, विटांची एक छोटी खोली होती. ती आखणीची खोली. मूर्तीचं सगळं काम कोणीही करील, पण डोळे रेखायचे, ज्याला आखणी म्हणतात, ते फक्त काळुरामने, आणि फक्त त्या खोलीत. तिला दोन मोठ्या खिडक्या, कारण डोळे दिवसाच्या उजेडात रेखायचे, दिव्याखाली नाही, आणि ओला रंग मोकळ्या वाऱ्यावर वाळायचा. आखणीला बसताना तो धुतलेलं फडकं तोंडाला बांधायचा. श्वासाची वाफ ताज्या रेघेला लागली की रेघ फुटते, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलेलं. त्या वेळी आत कोणी यायचं नाही, बोलायचं नाही. खोकला आला तर अंगणापलीकडे जाऊन खोकायचं. व्यापारी असो की पाटील, उंबऱ्याबाहेर. चाळीस वर्षांत हा नियम मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

हे रंभाच्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं होतं, आणि तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडायला शुक्रवार उजाडावा लागला.

शुक्रवारी नूरमहंमद आला. रोह्याचा टेम्पोवाला. दरवर्षी रोह्याच्या बाजारासाठी साठ मूर्ती न्यायचा, आणि दरवर्षी आधी काळुरामच्या ओटीवर बसून दोन कप चहा प्यायचा. या वेळी त्याने टेम्पो रस्त्यावरच उभा केला आणि हॉर्न वाजवला. काळुराम बाहेर आला.

"या की भाई, चहा ठेवलाय."

"नाय काळुशेठ," नूरमहंमद टेम्पोजवळूनच ओरडला. त्याने तोंडाला गमछा बांधला होता. "घरी दोन्ही पोरं तापलीत. मी आत येत नाय. मूर्ती तुमची मानसं रस्त्याला आनून ठेवू द्यात, मी नंतर भरतो."

"अहो, एवढं काय? घोटभर तर घ्या."

"नाय म्हनजे नाय. बायकोला शपथ देऊन आलोय."

काळुरामचं तोंड उतरलं. दारात आलेला माणूस चहा न घेता परत गेला, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. तो आत येऊन धुसफुसायला लागला. "वीस वर्सांचा माझा चहा. आज याला चालत नाय. काय बिघडवलं मी याचं?"

रंभा तिथेच होती. सरू तिच्या मांडीवर पेंगुळली होती, रुमाल गळ्यात उतरलेला होता, आणि सकाळपासून तिचं अंग मोडून आलं होतं, जे तिने पायपिटीच्या खाती टाकलं होतं. भावाचं ते धुसफुसणं ऐकलं आणि तिचा तोल सुटला.

"बिघडवलं? अरे शहान्या, अख्ख्या तालुक्यात अक्कल असलेला एक मानूस तुझ्या दारात आला, नि तू त्याच्यावर रुसून बसतोस! त्याच्या घरी ताप हाय म्हनून तो तुझ्या उंबऱ्याला पाय लावत नाय. कोनासाठी? तुझ्या ह्या पोरीसाठी!" तिने सरूला छातीशी धरलं. "मातीच्या डोळ्याला तुझा सोताचा श्वास लागू देत नायस तू. तोंडाला फडकं, खिडक्या उघड्या, कोनाला आत येऊ देत नाय. का? तर रेघ फुटंल. नि हिची छाती फुटली तर चालंल व्हय रं? गेल्या वर्सी अकरा दिवस मी मोजलेत हिचे श्वास, तू नाय मोजलेस. तू तवा मूर्ती पोचवत होतास!"

कारखान्यातले कुंचले थांबले. हौसाने डोळ्याला पदर लावला. काळुराम उठला, आखणीच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

घरी येताना रंभाला वाटलं, जास्तच बोलले. मग वाटलं, कमीच बोलले.

शनिवारी सकाळी ती गेली तर कारखान्याचं दोन बाजूंचं प्लॅस्टिक वर गुंडाळलेलं. पोरं नव्हती. उंदीर टोपल्यांतून घरोघरी वाटले होते. एकेका आईने आपली पोरं आणि आपला रंग घेऊन आपल्याच ओटीवर बसायचं, संध्याकाळी टोपली परत आणायची. इतकी साधी गोष्ट, आणि ती सुचायला पाच दिवस आणि एक भांडण लागलं! रंभाला आनंदापेक्षा चीडच जास्त आली. खिळ्याला मास्क नव्हता. आणि आखणीच्या खोलीत, खिडकीखाली, सरूची खाट टाकलेली.

"शाब्बास रं," ती स्वतःशी म्हणाली आणि तरातरा खोलीकडे निघाली. उंबऱ्याशी पोचता पोचता तिला खोकला आला. कोरडा, छातीतून, थांबता थांबेना असा.

काळुराम दारात आला. तोंडाला फडकं बांधलेलं. त्याने दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाय, तिथंच थांब."

"बाजूला सर. मला पोरीला बघू दे."

"तुझं त्वांड लाल झालंय. ताप हाय तुला."

"मला?" रंभा उसळली. "मला अडवतोस? मी सांगितलं म्हनून तुला हे सुचलं, नि मलाच उंबऱ्याबाहेर?"

"व्हय," काळुराम म्हणाला. "आखनीच्या खोलीत कोनी येत नाय. तू पन नाय."

तिने रुमाल वर ओढायला हात गळ्याशी नेला. काल तिने सरूला छातीशी धरलं होतं. रुमाल गळ्यात होता. त्या पोरीच्या केसांवर तोंड ठेवून ती तासभर जगाला शहाणपण शिकवत बसली होती. बुधवारची ती खोकणारी बाई, तो ओला टॉवेल, सगळं तिला एकदम आठवलं. पुण्याचे व्यापारी नाहीत, शिंकणारी पोरं नाहीत. सरूच्या सगळ्यात जवळ ताप कोणी नेला असेल तर तो तिनेच.

ती मागे फिरली. घरी येऊन तिने गुणाजीला सांगितलं, "माझं अंथरूण मागच्या पडवीत घाल नि तू पुढच्या ओटीवर नीज. माझ्या ताटवाटीला हात लावू नकोस." गुणाजी आयुष्यात पहिल्यांदा एका हाकेत झोपाळ्यावरून उठला.

संध्याकाळी ताप एकशे तीनवर गेला. पेणच्या डॉक्टरांनी फोनवरून घरीच राहायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि श्वास लागला तर मात्र लगेच आणायला बजावलं. तिला श्वास लागला नाही. तिला लागला घोर. चार दिवसांत कळतं, साहेब म्हणाले होते. शुक्रवारपासून मोजायचं. शनिवार एक, रविवार दोन.

रोज दिवे लागायच्या सुमाराला काळुराम शेताच्या बांधावर यायचा आणि तिथूनच हाक मारायचा.

"बाय! नाय खोकली."

"अंग बघितलंस?"

"बघितलं. गार हाय."

"नाक वाहतंय?"

"नाय गो."

"नीट बघितलंस, का तुझ्यासारखं वरवर?"

"देवाशपथ बघितलं. तू नीज आता."

ती झोपायची नाही. पडल्या पडल्या मागच्या वर्षीच्या त्या बरगड्या तिला दिसायच्या. स्वतःवर चिडून चिडून ती थकली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आली, आणि ज्या एका पोरीसाठी जीव टाकला तिथेच रुमाल गळ्यात. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिने त्याला गावभर उभा-आडवा घेतला असता. स्वतःला कुठे नेऊन उभं करायचं?

सोमवारी काळुराम आला. "नाय खोकली." मंगळवार चौथा दिवस. आज नाही खोकली म्हणजे सुटली.

मंगळवारी काळुराम आलाच नाही.

दिवे लागायची वेळ होत आली. बांधावर कोणी नाही. गुणाजीला पाठवावं तर तो दळण आणायला गेलेला. फोन लावला तर कारखान्यात कोणी उचलेना. रंभा उठून बसली. ताप उतरला होता पण पायांत त्राण नव्हतं. नेलं असेल. पेणला नेलं असेल पोरीला, आणि मला सांगायला कोणाला तोंड नसेल. तिने रुमाल घेतला, या खेपेला नाकातोंडावर घट्ट बांधला, छत्री घेतली आणि बांधावरून निघाली. चिखलात दोनदा बसकण मारली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा ती काळुरामला, गणपतीला आणि स्वतःला एकाच दमात शिव्या देत होती.

आखणीच्या खोलीची खिडकी उघडी होती. ती पाच हातांवर थांबली.

आत मावळत्या उजेडात काळुराम शेवटच्या मूर्तीसमोर बसलेला, फडकं बांधून, नाक जवळजवळ मूर्तीच्या कपाळाला लावून. उजेड जायच्या आत त्याला दुसरा डोळा पुरा करायचा होता. म्हणून आला नाही! तिची चाहूल लागताच त्याने मान न वळवता डावा हात वर केला. थांब.

खाट रिकामी होती.

"काळू, पोर कुठं हाय?" तिने विचारलं, पण आवाज रुमालातच राहिला आणि त्याच्या मागून खोकला आला. तिने हात तोंडावर नेला.

"आत्याआजी!"

मूर्तीच्या मागून एक डोकं वर आलं. तोंडाला आजोबासारखंच फडकं, ते हनुवटीच्या खालपर्यंत लोंबत होतं, आणि हातात एक उंदीर, ज्याचा एक कान गुलाबी आणि दुसरा निळा. डोळे लख्ख. सरू खिडकीशी आली. ती धावत आली तरी तिला धाप लागली नव्हती, हे रंभाने आधी पाहिलं आणि बाकीचं सगळं नंतर.

"आत्याआजी, हातात नाय खोकायचं," सरू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "कोपरात!"

रंभाने कोपर वर केलं आणि त्यात खोकली.

"नि मागं सर. आजार हाय तुला."

काळुरामचा कुंचला क्षणभर थांबला. त्याचे खांदे हलले, म्हणजे तो हसत असणार, पण तोंडावर फडकं होतं आणि रेघ ओली होती. रंभाच्या डोळ्यांना धारा लागल्या. एकोणीस वर्षं ती घसा फोडून सांगत आली होती. अख्ख्या जोह्यात एका माणसाने तिचं म्हणणं शब्दन् शब्द ऐकलं होतं, आणि ते माणूस चार वर्षांचं होतं.

ती चिखलात तीन पावलं मागे गेली.

"अजून," सरू म्हणाली.

रंभा आणखी एक पाऊल मागे सरली.